पहिल्या गाडीची वाट

गाण्याच्या मैफलीला जाताना माणूस आनंदात असतो. कोण गाणार, तबल्याला कोण बसणार, आपल्याला जागा कोठे मिळणार, हेच विचार मनात असतात. परत कसे यायचे, हा विचार मात्र ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही त्यालाच करावा लागतो. वाहनवाला गाणे संपले की उठतो आणि घरी जातो. दुसऱ्याचे मन अर्धे गाण्यात आणि अर्धे घड्याळात असते. गाणे सर्वांसाठी असते असे आपण म्हणतो. ते खरोखर सर्वांसाठी असते की नाही, हे पुष्कळदा परतीच्या वाटेवर ठरते.

आमच्या कवठे महांकाळपासून मिरज सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. मिरज हे संगीताचे गाव. तेथे सतार आणि तंबोरे तयार करणारी कारागिरांची घराणी आहेत. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारे बनवणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे दिवस संपत आले, तेव्हा त्याच हातांनी वाद्ये घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या भागात पिकतात.

याच मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मिरासाहेबांचा दर्गा आहे. त्यांच्या उरुसात मानाचा गलेफ चढवण्याचा हक्क चर्मकार समाजाचा आहे. किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची या दर्ग्यावर मोठी श्रद्धा होती. त्यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. पण मिरजेला त्यांनी आपले घर मानले. उरुसाच्या दिवसांत ते दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली बसून गात. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा भरू लागली. दूरदूरचे गायक-वादक तेथे येतात. आपण कार्यक्रमाला आलो, असे ते म्हणत नाहीत; हजेरी लावायला आलो, असे म्हणतात. ऐकणाऱ्याला तिकीट लागत नाही.

१९९० नंतरच्या काही वर्षांत आम्ही गावातील चार-पाच जण मिळून या सभेला जात असू. उरूस हिजरी तारखेप्रमाणे येतो, त्यामुळे दरवर्षी तो सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या वर्षांत तो थंडीत येई. आमच्या गल्लीतले एक वयस्क शिंपी चाचा आमचे म्होरके होते. निघताना प्रत्येकाजवळ एक शाल आणि फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी असे. चाचांचा एक नियम होता. ते म्हणत, “बेटा, परतीच्या तिकिटाचे पैसे आधी वेगळे बांधून ठेव. मग उरलेल्या पैशांचा हवा तेवढा चहा पी.”

संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही मिरजेला पोहोचायचो. गाणे रंगात येईपर्यंत आमच्या गावाकडे जाणारी रात्रीची शेवटची गाडी निघून गेलेली असे. पण त्याची चिंता कोणालाच नव्हती, कारण गाणे रात्रभर चालणार हे ठाऊक होते. गाणे संपायच्या सुमारास पहाटेची पहिली गाडी लागणार, हेही ठाऊक होते. रात्रीचा मुक्काम चिंचेखालीच. मुक्कामाला भाडे नव्हते आणि अंथरुणाची गरजही नव्हती.

सुरुवातीला आम्हांला मागे बसावे लागे. पुढच्या जागा आधीच भरलेल्या असत. रात्री बारा वाजून गेले की स्वतःच्या गाडीने आलेली मंडळी हळूहळू उठू लागत. त्यांना सकाळी आपापल्या कामावर जायचे असे. मग मागून आवाज येई, “सरका पुढे, सरका पुढे!” हमाल, शेतमजूर, यंत्रमाग कामगार, शाळामास्तर आणि मुलांना मांडीवर निजवलेल्या बायका, सगळे एकेक पाऊल पुढे सरकत. रात्री दोनच्या सुमारास आम्ही गायकाच्या अगदी समोर बसलेले असू. ज्यांना घरी जायला वाहन नव्हते, त्यांनाच सर्वांत जवळची जागा मिळे.

त्या जागेवरून मी रात्र कशी पुढे सरकते ते ऐकले. आपल्या संगीतात रागांना वेळ असते. रात्रीच्या पहिल्या प्रहरात यमन, रात्र वाढली की बागेश्री, मध्यरात्रीनंतर मालकंस, पहाटे ललित आणि उजाडताना भैरव. हे सारे पुस्तकात वाचता येते. पण थंडीने अंग आखडले आहे, डोळे जड झाले आहेत आणि अशा वेळी कोणी ललितचे सूर लावले, तर पहाट म्हणजे काय ते शरीरालाच कळते. शेवटी भैरवी होई. लोक उठून शाली झटकत. दर्ग्यापासून स्टँडपर्यंत सगळे पायी निघत. वाटेत कोणी फारसे बोलत नसे.

पहिल्या गाडीत बसल्यावर बहुतेक जण लगेच झोपी जात. चाचा मात्र जागे असत. भोसे गावाजवळ दंडोबाच्या डोंगरावर ऊन दिसू लागले की ते बोलू लागत. अशाच एका सकाळी त्यांनी मला खाँसाहेबांच्या शेवटच्या प्रवासाची हकीकत सांगितली.

१९३७ सालचा ऑक्टोबर महिना होता. खाँसाहेब मद्रासहून रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालायला सांगितले. त्यांनी नमाज अदा केली. मग दरबारी रागात ईश्वराची आळवणी करत असतानाच त्यांचा प्राण गेला. तो २७ ऑक्टोबरचा दिवस होता. त्यांचा देह मिरजेला आणला गेला आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांचे दफन झाले.

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एवढा मोठा गवई. पण शेवटी तोही आपल्यासारखाच फलाटावरचा मुसाफिर. लोकांनी त्याला घरी आणून पोहोचवले. म्हणून सांगतो, गाणे ऐकलेला माणूस नीट घरी पोहोचला पाहिजे.”

मला हे बोलणे तेव्हा नुसते गोड वाटले. त्याचा अर्थ पुढे कळला. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आली. वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे नियम योग्य ठरवले. नियम चांगलाच आहे. आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला रात्रीची शांतता मिळालीच पाहिजे. आपल्या आनंदासाठी दुसऱ्याची झोप मोडणे हा काही संगीताचा धर्म नव्हे.

पण या नियमाने मैफलीचे रूप बदलले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव हे त्याचे मोठे उदाहरण आहे. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तो रात्र-रात्र चाले आणि लोक सतरंज्या घेऊन बसत. आता तो दुपारी सुरू होऊन रात्री संपतो. त्यामुळे दुपारचे मुलतानी, भीमपलास असे राग ऐकायला मिळतात, हा फायदाच झाला. पण पहाटेचा ललित पहाटे ऐकणे दुर्मीळ झाले.

आणखी एक गोष्ट बदलली. तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. रात्रभर चालणारी मैफल पहिल्या गाडीला जोडलेली होती. रात्री दहाला किंवा बाराला संपणारी मैफल कोणत्याच गाडीला जोडलेली नसते. गावाकडची शेवटची गाडी तोपर्यंत गेलेली असते आणि पहिली गाडी यायला अजून पाच-सहा तास असतात. मग लांबच्या गावचा श्रोता दोनांपैकी एक गोष्ट करतो. एक तर मुख्य गायक मंचावर येण्याआधीच उठतो, नाही तर घरीच राहतो. मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या बायकांना तर दुसराच मार्ग उरतो. त्यांना कोणी अडवलेले नसते. दार उघडेच असते. फक्त परतीची वाट बंद झालेली असते.

यावर उपाय फार मोठे नाहीत. कार्यक्रम तासभर आधी सुरू करता येतो. शेवटच्या गाडीची वेळ पत्रिकेवर गायकांच्या नावांखाली छापता येते. एकाच दिशेला जाणाऱ्यांना एकत्र गाठून जीप किंवा टेम्पो ठरवता येतो. ज्यांची गाडी पहाटे आहे, त्यांना एखाद्या शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून देता येते. आपल्याकडे वारीच्या वाटेवर, जत्रेत आणि उरुसात लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. पाहुण्याला जेवू घालायचे आणि त्याच्या मुक्कामाची सोय पाहायची, ही आपली जुनी रीत आहे.

मैफल, उरूस, हजेरी, मुक्काम आणि मुसाफिर हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. ते कोणी कोणाकडून घेतले याचा हिशेब आता कोणी मागत नाही. चिंचेखाली शेजारी बसलेल्या माणसाला तो कोणत्या गावचा, हे मात्र आम्ही हटकून विचारत असू. कारण गाव कळले की सोबत मिळते.

विद्यार्थी मित्रांनो, पुढे कधी तुमच्यावर स्नेहसंमेलन, मुशायरा किंवा गाण्याचा कार्यक्रम ठरवण्याची जबाबदारी येईल. हार, माईक आणि पाहुणे यांची यादी तुम्ही करालच. त्या यादीत पहिली ओळ ही लिहा: सर्वांत लांबून येणाऱ्या माणसाची शेवटची गाडी किती वाजता आहे?