मोत्याचे देणे

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून पाठवावी, असे शाळेचे पत्र आले तेव्हा आमच्या तुकडीतील चौघेजण बऱ्याच वर्षांनी एकत्र बसलो. गुरुजनांविषयी, पहाटेच्या वंदनेविषयी, पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीविषयी इतर तुकड्या लिहितीलच. आमच्याकडे मात्र एका कुत्र्याचे देणे राहून गेले आहे. ते येथे मांडतो.

दिवाळी सरली, की लेण्यांच्या डोंगराच्या अलीकडे, शाळेमागच्या रानात धनगरांचा वाडा उतरत असे. बाजरी निघालेल्या शेतात मालक मेंढ्या बसवून घेई आणि खताच्या मोबदल्यात धान्य देई. सायंकाळी वाघर लागे. आत मेंढरे आणि बाहेर चार बाजूंना चार कुत्री. त्यांना तेथे बसा म्हणून कोणी सांगत नसे.

आम्ही आठवीत होतो त्या वर्षी वाड्यावर पिल्ले होती. त्यांतील एकासाठी आम्ही हट्ट धरला. म्हातारे धनगरबाबा म्हणाले, "पोरांनो, हे मेंढरांत वाढलंय. तुमच्यात करमायचं नाही त्याला." तरी गुरुजींनी शब्द टाकला आणि चारेक महिन्यांचा मोत्या वसतिगृहात आला.

आमच्या हट्टामागे एक पुस्तक होते. ग्रंथालयातील त्या इंग्रजी पुस्तकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील बॉर्डर कॉली कुत्र्यांची चित्रे होती आणि गुरुजींनी त्यातला मजकूर मराठीत सांगितला होता. मेंढपाळ लांब उभा राहून शीळ घालतो. 'कम बाय' म्हटले की कुत्रा कळपाला उजवी घालून, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. 'अवे' म्हटले की उलट. तो भुंकत नाही, चावत नाही. अंग जमिनीलगत आणून मेंढ्यांवर नजर रोखतो आणि त्या नजरेनेच कळप हलतो. 1893 साली नॉर्थंबरलँडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प असाच निःशब्द काम करी. आजच्या कॉलींची वंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोहोचते.

आमच्याकडे मेंढ्या नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या मावशींच्या तीन शेळ्या होत्या. रोज शाळा सुटल्यावर आम्ही मोत्याला त्यांच्यासमोर उभे करून शिट्ट्या वाजवीत असू. मोत्या आमच्याकडे पाही, शेळ्यांकडे पाही आणि शांतपणे त्यांच्यामध्ये जाऊन बसे. भाकरीचा तुकडा दाखविला तर घेई आणि पुन्हा तेथेच. पंधरा दिवसांत आम्ही त्याला मठ्ठ ठरविले. महिन्याभराने निरगुडीचा फोक हातात घेतला. मज्झिम निकायातील गुराख्याचा दृष्टांत गुरुजींनी आम्हाला सांगितला होता. पिके उभी असताना तो गुरांना काठीने आवरतो. पिके गावात आल्यावर झाडाखाली बसून गुरांचे भान ठेवले तरी त्याला पुरते. आमचा फोक बाजरी निघाल्यावरही चालूच होता.

मोत्या उलटून कधी गुरगुरला नाही. फक्त आमच्या हाकेला येणे त्याने सोडले.

पुढे आमच्यातील एकजण पशुवैद्यकाच्या शिक्षणाला गेला, तेव्हा आमची चूक आम्हाला कळली. कळप हाकणारा कुत्रा आणि कळप राखणारा कुत्रा हे दोन निराळे स्वभाव आहेत. शिकारी प्राणी आधी रोखून पाहतो, दबा धरतो, पाठलाग करतो, मग चावा घेतो. कॉलीमध्ये माणसाने निवडीने पहिल्या पायऱ्या वाढविल्या आणि शेवटची दाबली. राखणीच्या कुत्र्यात ही सारी साखळीच मंद असते. तो लहानपणीच, जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांचा होईपर्यंत, ज्यांच्या सहवासात राहील त्यांना आपले मानतो. लांडगा आला तर तो मध्ये उभा राहतो. एरवी त्याचे काम म्हणजे तेथे असणे. मोत्या ते काम रोज करीत होता, तेही आमचा मार खाऊन.

कॉलीचे शिक्षणदेखील आम्हाला वाटले तसे शिट्टीने होत नाही. अमेरिकेत जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर नावाच्या कॉलीला 1,022 खेळण्यांची नावे शिकविली. त्याला सुमारे तीन वर्षे लागली, रोज चार-पाच तास. आमची चिकाटी महिन्याभराची होती.

पुढच्या दिवाळीनंतर वाडा पुन्हा उतरला. त्या रात्री मोत्या गोठ्यात नव्हता. सकाळी धनगरबाबा त्याला दोराने बांधून घेऊन आले आणि अधीक्षकांना म्हणाले, "तुमचं कुत्रं आलं होतं वाड्यावर. घ्या." अधीक्षकांनी आमच्याकडे पाहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ज्याच्या हातात फोक जास्त वेळा असे, तोच पुढे झाला आणि त्याने दोर सोडला. मोत्या आधी गोठ्याकडे गेला, नव्या करडाला हुंगले आणि मग बाबांच्या मागे चालू लागला.

त्या दिवशी संध्याकाळी मावशींच्या शेळ्या गोठ्यात शिरेनात. एकीला आत घालावे तर दुसरी बाहेर पडे. आम्ही चौघे अंधार पडेपर्यंत त्यांच्यामागे धावत होतो.