डावीकडचा ड्रायव्हर

रविवारी सकाळी आमच्या गाडीत दोन ड्रायव्हर असतात. उजवीकडे मी, डावीकडे बाबा. आपल्या पायाखाली ब्रेक नाही हे बाबांना मान्यच नाही. सिग्नल लाल झाला की त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जातो आणि माझ्या आधी त्यांची गाडी थांबते.

आमचा रस्ता ठरलेला. कोथरूडहून कर्वे रोडने डेक्कन, मग पेठांत एखादं काम, आणि येताना इडली. बाबा रस्ता सांगतात तो असा: "नटराजपाशी आलास की लेन बदल." आता नटराज टॉकीज पाडून कैक वर्षं झाली! पीएमपीएमएलचीही त्यांच्यासाठी अजून पीएमटीच आहे, नाव 2007 सालीच बदललं तरी. मोबाईलमधली बाई रस्ता सांगायला लागली की म्हणतात, "ही पुण्याची नाही." पण त्यांना तरी हसायचं कसं? लकडी पुलात लाकूड नाही, नळ स्टॉपला नळ नाही. हवामान खात्याचं ऑफिस 1928 साली सिमल्याहून इथे आलं, तर तो चौक अजून सिमला ऑफिसच. नळ स्टॉपला आता खाली रस्ता, वर गाड्यांचा पूल आणि त्याच्याही वर मेट्रो असा मजल्यांचा वाडा झालाय. बाबा खालूनच जायला सांगतात. वरून गेलं की म्हणे कुठे आलो ते कळत नाही.

असो. मुद्दा वेगळा आहे.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. काचबिंदू. बाबा म्हणाले, "अहो, मला समोरचं लख्ख दिसतं," आणि तक्त्यावरची शेवटची ओळ वाचूनही दाखवली. गोची तिथेच आहे. या आजारात आधी कडेची नजर जाते. समोरची बऱ्याचदा उशिरापर्यंत शाबूत असते, त्यामुळे आपलं काही गेलंय हे माणसाला कळतच नाही. एका खोक्यात डोकं घालून प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशी एक तपासणी असते. तिच्या कागदावर बाबांच्या डोळ्यांच्या कडेला काळे डाग आले होते. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे.

आणि पुण्यात गाडी चालवणं म्हणजे सगळा कडेचाच कारभार हो! समोरून इथे फारसं काही येत नाही (राँग साइडवाले सोडून). येतं ते बाजूने. उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळणारे काका, दोन गाड्यांच्या फटीत पुढचं चाक घालून ठेवणारा रिक्षावाला, मान वाकडी करून खांद्यात मोबाईल धरलेला कॉलेजकुमार. आपण हे सगळं न बघता बघत असतो. मीही इतकी वर्षं बघतच होतो की, पण कधी लक्षात आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात गरवारे कॉलेजच्या सिग्नलला थांबलो होतो. नव्वद सेकंदांचा आकडा. डावीकडे एक मुलगी स्कूटीवर येऊन उभी राहिली. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात, पुणेरी डाकू पद्धतीने. बाबांच्या खिडकीपासून हातभरावर. बाबा समोरच्या बसवरची जाहिरात मोठ्याने वाचत होते. शेवटी तिने काचेवर टकटक केली. बाबा असे दचकले, की माझ्याच पोटात गोळा आला.

"काका, पट्टा बाहेर लोंबतोय."

सीट बेल्टचं टोक दारात अडकलं होतं. बाबांनी दार उघडून ते आत घेतलं, "थँक्यू बेटा" म्हणाले. मग डेक्कनपर्यंत एक शब्द नाही. नटराजसुद्धा आलं नाही.

खाली पार्किंगमध्ये त्यांची चेतक उभी आहे. विकायचा विषय आईने दोनदा काढला, दोन्ही वेळा बाबांना बाजारात जायचं आठवलं. दर शनिवारी ते तिला एका बाजूला कलती करतात, किक मारतात आणि पाच मिनिटं स्टँडवरच चालू ठेवतात. वॉचमनने विचारलं, "साहेब, देणार का?" आधी बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे. त्या रविवारनंतरच्या शनिवारी म्हणाले, "बघू."

मग परवा बाबा एकटेच बसने नाना पेठेत जाऊन आले आणि एक छोटा गोल चिकटवायचा आरसा घेऊन आले. माझ्या गाडीच्या डाव्या आरशाच्या कोपऱ्यात त्यांनीच तो लावला. आधी फडक्याने काच पुसून, मग अंगठ्याने मिनिटभर दाबून धरून.

"तू उजवीकडचं बघ," म्हणाले, "डावीकडचं मी सांगतो."

काल निघालो तर कर्वे पुतळ्यापाशीच, "थांब, रिक्षा आहे." होती खरंच. मला त्या आरशात काही म्हणजे काही दिसत नाही. त्यांनी तो त्यांच्या सीटवरून दिसेल असा लावलाय.