डब्याची खालची बाजू

आमच्या घरी आगगाडी आहे असे मी म्हणतो तेव्हा नवा पाहुणा आधी जमिनीकडे पाहतो. त्याला रूळ हवे असतात. रूळ नाहीत. इंजिनही नाही. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रूळ अंथरले तर माणसांनी अंथरूण कुठे घालायचे? डबे मात्र आहेत, चांगले अकरा. फडताळाच्या वरच्या फळीवर, देवांच्या शेजारी, ते एकामागे एक उभे असतात. मालाचे डबे, तेही अरुंद रुळांवरचे, बोटाबोटाएवढे. दर शनिवारी आई देवांबरोबर त्यांच्यावरचीही धूळ झटकते. निदान परवापरवापर्यंत मला तिचा आणि त्या डब्यांचा संबंध एवढाच आहे असे वाटत होते.

हे डबे मी करतो. म्हणजे संच विकत आणून जोडतो आणि रंगवतो. मी दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शालान्त परीक्षेनंतर पदवीच्या वाटेला गेलो नाही, पण ब्रश हातातून सुटला नाही. मधूनमधून कादंबऱ्या लिहितो. दोन छापून झाल्या आहेत. हे सांगण्याचे कारण एवढेच की, कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला दुसरा काहीतरी नाद असावा लागतो. कादंबरी काटकोनात आहे की नाही हे बघायला गुण्या लावता येत नाही. डब्याला लावता येतो. चार भिंती जोडल्या, गुण्या टेकवला, फटीतून उजेड दिसला नाही, की त्या रात्री झोप छान लागते.

संच म्हणजे पोस्टाच्या पाकिटाएवढी प्लास्टिकची एक चौकट. डहाळीला कैऱ्या लगडाव्यात तसे तिला डब्याचे अवयव लगडलेले असतात. भिंती, तळ, चाकांचे आधार, ब्रेकची दांडी. एकेक अवयव पात्याने कापायचा, कापल्या जागी राहिलेला खडा कानसने घासायचा, आणि मग प्लास्टिक विरघळवणारा रस ब्रशच्या टोकाने सांध्यावर सोडायचा. हा रस गोंदासारखा चिकटवत नाही. दोन्ही कडा किंचित वितळवून एकजीव करतो. म्हणून घाई चालत नाही आणि फेरविचारही चालत नाही. डबा फार हलका होतो, तेव्हा पोटात शिसे घालायचे. मी भाऊच्या धक्क्याकडून गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणतो. आमच्याकडे रूळच नसल्यामुळे वजनाची काही गरज नाही, हे आमच्या चिरंजीवांनी दाखवून दिले आहे. पण हातात घेतल्यावर मालडबा मालडब्यासारखा जड लागावा की नाही?

रंगाचे शिक्षण मात्र मला चित्रकलेच्या वर्गात मिळाले नाही. ते मिळाले आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गणपतीच्या कारखान्यात. लालबाग-परळचा माणूस जून उजाडला की ओल्या शाडूच्या वासावर वाढतो. तिथले एक वृद्ध मूर्तिकार माझा पहिला डबा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले, "मास्तर, रंग लावलात, पण अस्तर नाही दिलंत. अंगावर उटणं न लावता अत्तर लावल्यासारखं झालं." तेव्हापासून मी अस्तराचा करडा हात आधी देतो, दोन दिवस वाळू देतो, आणि मग तांबूस तपकिरी रंगाचे दोन पातळ हात. जाड हात दिला तर खिळ्यांची डोकी बुजतात. ते म्हणत, मूर्तीची आखणी करताना श्वास सोडायचा, धरायचा नाही. धरलेला श्वास हाताला हलवतो. डोळ्यांच्या आखणीसाठी त्यांनी दिलेला तो उपदेश मी डब्यावरचे आकडे लिहिताना वापरतो. जुनेपणा आणण्याचे सामान तर शाळेतच आहे. खडूची पूड, चिमूटभर गेरू, समईची काजळी. कोरड्या ब्रशाने हलकेच फिरवले की कालचा डबा चाळीस पावसाळे पाहिलेला दिसू लागतो.

आता तुम्ही विचाराल की, डबे अरुंद रुळांवरचेच का? याचे उत्तर थोडे घरगुती आहे. माझे आजोळ बार्शीचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. वडील गिरणीत. काही महिन्यांत चाळ अर्धी रिकामी झाली. कोणी कोकणात गेले, कोणी साताऱ्याला. आम्हाला वडिलांनी बार्शीला मामांकडे पोहोचवले आणि ते एकटे इथे राहिले. तिथून पुढे दर सुट्टीत बार्शी. दादरहून सोलापूरकडे जाणारी रात्रीची गाडी, पहाटेच्या अंधारात कुर्डुवाडीला उतरणे, आणि फलाटापलीकडे उभी असलेली ती छोटी गाडी. मोठ्या गाडीतून उतरलेल्या मुलाला ती आपल्याच मापाची करून ठेवली आहे असे वाटे.

ती गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या एका इंग्रज इंजिनियराची. हा गृहस्थ आधी जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होता. अरुंद रूळ म्हणजे हलक्या दर्जाची रेल्वे, ही त्या काळची समजूत त्याला मान्य नव्हती. त्याने रूळ अडीच फुटांचे घेतले आणि एकच नियम धरला: इंजिन असो, डबा असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च आवाक्यात येतो. चार आसांचा डबा घेतला तर मालासकट वीस टन! १८९४ साली इंग्लंडात लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून त्याने हे डबे लोकांना चालवून दाखवले, आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही एकवीस मैलांची वाट सुरू झाली. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली आणि तिचे नाव ठेवले 'गार्डियन एंजल'. वजन कमी कसे करावे हाच ध्यास असलेला माणूस शेवटी आकाशातच जायचा, असे मला वाटते. १ जानेवारी १९५४ ला बार्शी लाइट सरकारी झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे शेवटचे अरुंद रूळही उखडून तिथे रुंद रूळ आले. आता मुंबईहून लातूरपर्यंत डबा न बदलता जाता येते. सोय झाली, यात शंका नाही.

या छंदात एक गंमत आहे. आमचे माप फुटाला चार मिलिमीटर. त्या हिशेबाने बार्शीचे अडीच फुटी रूळ दहा मिलिमीटरचे व्हायला हवेत, आणि १९०७ साली आदमजी पीरभॉयांच्या घराण्याने बांधलेल्या माथेरानच्या रेल्वेचे दोन फुटी रूळ आठ मिलिमीटरचे. बाजारात तयार रूळ आणि चाके मिळतात ती नऊ मिलिमीटरची! म्हणजे बार्शीला एक मिलिमीटर आखूड, माथेरानला एक मिलिमीटर सैल. जगभरचे छांदिष्ट या नऊवर समाधान मानून आहेत. मीही मानतो. सगळ्यांना थोडे थोडे न बसणारे कपडे चाळीत वाढलेल्या माणसाला नवे नाहीत.

पहिले दहा डबे वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींवरचे आणि इंग्लंडातल्या इतर छोट्या रेल्वेंचे. संच त्यांचेच मिळतात. पाट्या वाहणारा डबा शाळामास्तराने करावा हेही ठीकच होते. पण अकरावा डबा बार्शीचा करायचा असे मी ठरवले. त्याचा संच मला कुठे सापडला नाही, तेव्हा चाकांचे सांगाडे एका संचातले घेतले आणि भिंती प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापल्या. साल १९७२ धरले. का, तर त्या साली आई चौदा वर्षांची होती आणि बार्शीतच होती. माझ्या मते माझा साक्षीदार घरात होता.

छायाचित्रांतून आकार कळतो. रंग कळत नाही, कारण ती काळी-पांढरी. अक्षरांचाही प्रश्न होता. १९६६ साली सोलापूर विभाग मध्य रेल्वेतून काढून नव्या दक्षिण मध्य रेल्वेला जोडला होता आणि १९७७ साली तो परत आला. तेव्हा १९७२ च्या डब्यावर दक्षिण मध्यची अक्षरे असतील की जुनी 'म. रे.' तशीच राहिली असतील? (मुंबईकर या दोन अक्षरांचा जो उच्चार करतो तो दिवाळीच्या दिवसांत लिहीत नाही.) एका रविवारी दुपारी आई तांदूळ निवडत होती. मी डबा तिच्यासमोर धरला आणि विचारले, "आई, बार्शीच्या मालगाडीचा रंग आठवतो का गं? आणि वर काय लिहिलेलं असायचं?"

ती तांदळाकडेच बघत म्हणाली, "वरचं मला काय विचारतोस? आम्ही खालून बघितलेत डबे."

मला वाटले, उंचीने लहान होती म्हणून म्हणत असेल. मी विचारले, "खालून म्हणजे?"

मग तिने सूप बाजूला ठेवले. बहात्तरचा दुष्काळ मी पाठ्यपुस्तकात वाचला होता, शाळेत त्यावर चित्रेही काढून घेतली होती. फुटलेली जमीन, वठलेले झाड, खडी फोडणाऱ्या बाया. मिलो आणि सुकडी हे शब्द मला माहीत होते. आईने जे सांगितले ते यात कुठे नव्हते. मिलोची पोती छोट्या गाडीने येत. माल उतरवून हमाल गेले की पेठेतल्या आठ-दहा मुली केरसुण्या घेऊन डब्यांखाली शिरत. दाराच्या खालच्या कडेला फट असे, तळाच्या फळ्यांतही असे. पोते आकडीने ओढताना फाटे आणि लाल दाणे त्या फटींतून खडीवर गळत. ते दगडांतून वेचायचे, ओटीत घालायचे. घरी आजी ते तीन पाण्यांत धुई, तरी भाकरीला तेलाचा वास येई.

"मामांना ठाऊक होतं?" मी विचारले.

"तो तेव्हा आडत दुकानात मुनीम. पोत्यांचा हिशेब त्याच्याकडे. त्याला कसं सांगणार? आजी म्हणायची, दाणे वाण्यानं उधार दिले."

आईने हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. वडिलांनाही नाही. संपाच्या वर्षी ज्या घरात आम्ही जेवत होतो त्या घराची ही गोष्ट वडिलांना सांगून त्यांच्या गळ्याखाली घास उतरला नसता, असे ती म्हणाली, आणि पुढे बोलली नाही.

थोड्या वेळाने तिनेच हात पुढे केला. मी डबा दिला. तिने तो उलटा केला. अकरा डब्यांत एकही पाहुण्याने कधी डबा उलटा केलेला नाही. आमच्यासारखे छांदिष्टही खालच्या बाजूला काळा रंग फासून मोकळे होतात. पुण्याला कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ पासूनचे. तिथे मी मुलांना सहलीला नेतो, आणि मुले ओणवी होऊन बोगदे बघतात, पूल बघतात. डब्याखाली बघणारे मूल मला अजून भेटलेले नाही. आई नखाने तळ दाखवू लागली. "इथं एक आडवा गज हवा. त्याला डोकं आपटायचं. इथं, चाकांच्या वर, वंगण ठिबकायचं. केसात गेलं की राखेनं सुद्धा निघत नसे. फळ्या आडव्या होत्या, तू उभ्या केल्यास. आणि दार तू फार घट्ट बसवलंस बाबा. असं दार असतं तर आम्ही काय खाल्लं असतं?"

त्या रात्री मी कानस घेऊन बसलो. दाराखाली अर्ध्या मिलिमीटरची फट पाडली. तळाच्या फळ्या नव्याने आडव्या कोरल्या, तांब्याच्या तारेचा गज बसवला, आणि आसांच्या वर काजळी तेलात कालवून दोन थेंब सोडले. वरच्या बाजूला तांबूस रंग दिला. अक्षरे मात्र घातली नाहीत. साक्षीदाराने ती पाहिलेली नव्हती.

राहिले दाणे. आमच्या मापात मिलोचा दाणा म्हणजे धूळच. शाळेतला लाल खडू मी पाट्यावर बारीक वाटला आणि पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर खडी चिकटवून, डबा तिच्यावर उभा करून, दाराच्या फटीखाली ती पूड भुरभुरली. चांगला ढीग दिसत होता. मला तो आवडला होता. सकाळी आईला दाखवला.

तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. "एवढं नसायचं सांडलेलं," ती म्हणाली, आणि खाली वाकून एक फुंकर मारली. दगडांच्या सांदीत जेवढे राहिले तेवढ्यावर मी रोगणाचा हात दिला.