काळी दोन

खानदेशात कुणाही गाणाऱ्याला त्याचा सूर विचारा, तो पेटीच्या पट्टीचा रंग सांगेल. "आपली काळी दोन." हरिपाठाला खड्या आवाजाचा एखादा भाऊ उभा राहिला, की पेटीवाल्याचं बोट न विचारता काळी पाचकडे सरकतं. आताच्या कीबोर्डवाल्या पोरांना तेवढीही तसदी नको. परवा धुळ्यात एका हळदीच्या ऑर्केस्ट्रात गायकाने "काळी दोन" म्हणताच कीबोर्डवरच्या मुलाने विचारलं, "काका, म्हणजे प्लस किती?" शेजारच्या म्हाताऱ्या पेटीवाल्याने बोटं मोजून "तीन" सांगितलं. मुलाने सूर वर सरकवायचं बटण दाबलं आणि रात्रभर पांढरी एकवरूनच सगळं निभावलं.

ही काळी-पांढरी ज्या घराण्यातून आली, तो पियानो मात्र आमच्याकडच्या बहुतेकांनी पाहिला तो हिंदी सिनेमात. पार्टी रंगलेली, सूटबुटातला नायक पियानोवर, नायिका दुसऱ्याच्या शेजारी. नायकाची बोटं एकीकडे, सूर भलतीकडे.

पियानो जळगाव-धुळ्याला रुजला नाही याचं खापर लोक इथल्या रसिकतेवर फोडतात. मला ते पटत नाही. दोष द्यायचा तर लाकडाला द्यावा. 88 पट्ट्यांमागे सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण 18-20 टनांचा. तो पेलायला बिडाची चौकट असते, पण नाद देते ती पातळ लाकडी फळी. मे महिन्यात पारा 45 वर गेला की ती आक्रसते, जुलैच्या दमट हवेत फुगते, आणि दोन्ही वेळा सूर हलतो. जुळवणारा आणायचा मुंबई-पुण्याहून. सावदा-रावेरची केळी रेल्वेने दिल्लीला जातात. पियानो इकडे आणायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

त्यामुळे मैफलीतल्या पियानोवादकाचं आयुष्य मला नेहमी चमत्कारिक वाटत आलं आहे. सतारिया सतार जवळ बाळगतो, तबलजी डग्गा पिशवीत घालतो. हा गडी रिकाम्या हातांनी गावात उतरतो. रोज तासन्‌तास ज्यावर बोटं घासली तो पियानो घरी, आणि इथे समोर परका. एखादी पट्टी खोल बसलेली, एखादं पेडल कुरकुरणारं. दुपारी तासभर ओळख करून घ्यायची आणि संध्याकाळी त्याच्याच भरवशावर बेथोव्हन वाजवायचा.

पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तर हे निमूट मान्य करणारा माणूस. पियानो निवडत बसणं त्याला आवडत नसे, मिळेल त्यावर वाजवावं असं त्याचं म्हणणं. तरुणपणी ओडेसाच्या ऑपेरागृहात तो गायकांच्या तालमींना साथ करायचा. म्हणजे आमच्या भाषेत, पेटीवर बसायचा. रीतसर गुरू केला तो बाविसाव्या वर्षी, मॉस्कोला जाऊन. अमेरिकेने त्याला ऐकलं थेट 1960 मध्ये, तेव्हा तो पंचेचाळिशीत होता. पुढे यामाहा कंपनी त्याच्यासाठी पियानो आणि जुळवणारा पाठवू लागली. 1986 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, हा म्हातारा मोटारीने सायबेरिया ओलांडत व्लादिवोस्तोकपर्यंत गेला आणि वाटेतल्या आडगावांत वाजवत राहिला. मुंबई-आग्रा रस्ता त्याच्या वाटेवर असता तर तो शिरपूरला, धुळ्याला थांबला असता, असं मला उगाच वाटतं. उतारवयात तो सभागृह अंधारं करून, स्वरलिपीवर एक लहानसा दिवा ठेवून वाजवी. लोडशेडिंग सोसलेल्या धुळेकरांना त्यात काहीच नवल वाटलं नसतं.

आमच्याकडे पियानोची जागा घेतली पेटीने. साडेतीन सप्तकं, एक भाता, गोधडीत गुंडाळून एस.टी.त मांडीवर घेता येणारं बिऱ्हाड. तिला साथीच्या बैठकीवरून उठवून स्वतंत्र मैफलीत बसवणाऱ्यांत कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे अग्रभागी. 1911 च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबरचे तिसरे मालक तेच. आणि बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूबखाँकडे गाणं शिकलेले, त्यामुळे या सगळ्या गोतावळ्यावर जळगावकर थोडा हक्क सांगतात. सांगू द्यावा.

तरी पेटीच्या पट्ट्या ठरीव. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, तिला जमत नाही, मधली जागा तिच्याकडे नाहीच. याच कारणाने आकाशवाणीने 1940 मध्ये तिला बाहेर काढलं आणि 1971 पर्यंत आत येऊ दिलं नाही. मधल्या काळात घराघरांत, देवळांत, तमाशात ती वाजतच होती, आणि चांगला वादक उणीव झाकायला शिकला. पहिली पट्टी पुरती सुटायच्या आत दुसरी अलगद दाबायची, त्याच क्षणी डाव्या हाताने भाता किंचित सैल सोडायचा. सूर तुटल्याचं कानाला कळत नाही. पियानोवाला हेच पेडलवर पाय ठेवून करतो.

जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात एकदा पेटीचं स्वतंत्र वादन झालं. मध्यंतरात शेजारचे गृहस्थ ठामपणे म्हणाले, "मारव्यात मींड घेतली त्यांनी." मी म्हटलं, पेटीवर मींड निघतच नाही. ते म्हणाले, "मी ऐकली ना!" चहा संपला, घंटा झाली, तरी आमचं चालूच होतं.