पुसलेली गुरं

डोंगराच्या फोटोत माणूस नको, गुरं नकोत, तारा-खांब नकोत, हे मी कित्येक वर्षं मानत आलो. नुसतं मानत नव्हतो, शिकवतही होतो. शाळेतली चार-दोन मुलं हौसेनं मोबाइल घेऊन माझ्याबरोबर टेकडीवर यायची. त्यांना मी पहिलं वाक्य हेच सांगायचो, ‘आधी चौकट साफ करा.’ हे वाक्य आज मला मागं घ्यायचं आहे. ते ज्या फोटोमुळं घ्यावं लागलं, त्याची हकिकत लिहितो.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा शिक्षक. कॅमेरा घेतला 2015 मध्ये आणि निसर्गाचे फोटो शिकायचं ठरवलं. तेव्हा डोळ्यांसमोर होते ते काश्मीरचे चिनार आणि परदेशातले लालभडक डोंगर. तिकडं ऑक्टोबरात झाडं पेटल्यासारखी दिसतात, म्हणून मीही ऑक्टोबरातच निघालो. कारंजा (घाडगे) आणि आष्टीकडं सातपुड्याच्या शेवटच्या सोंडा जिल्ह्यात उतरतात. उंची फार नाही, पण आमच्या सपाट मुलखात डोंगर म्हणावेत असे तेच. वर पोचलो तर सगळं हिरवंगार. सोयाबीन निघालेलं, कपाशी फुटायला आलेली, आणि डोंगरावर पानगळीचा मागमूस नाही. एका उतारावरचा साग मात्र तपकिरी दिसला. आनंदानं शंभरेक फोटो काढले. घरी मोठे करून पाहिले तेव्हा पानांना रंग चढलेलाच नव्हता. अळीनं पानांचा हिरवा गर खाऊन नुसती शिरांची जाळी ठेवली होती. सागाला पावसाळ्याच्या अखेरीस ही कीड लागते, हे आमच्याकडं गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं.

आपल्याकडं पानं शरदात गळत नाहीत, शिशिरात गळतात. थंड देशांत दिवस लहान होतात, गारठा वाढतो, पानातलं हिरवं द्रव्य नाहीसं होतं आणि आधीपासून दडलेला पिवळा रंग वर येतो. काही झाडं त्याच सुमारास लाल द्रव्यही तयार करतात. आमच्या डोंगरावर कारण पाण्याचं. खाली कपाशीची काळी माती खोल आहे, पण वर काळ्या खडकावर वीतभर मुरमाड थर. दिवाळीनंतर त्यातली ओल उतरत जाते आणि झाड पानं टाकून पाणी वाचवतं. प्रत्येकाची वेळ ठरलेली. मोवई आणि सावर आधीच उघडी पडतात. माघात धावडा तांबूस होतो, साळई पिवळी पडते. मग सागाची सुपाएवढी पानं एकेक करून पडू लागतात. वारा नसलेल्या सकाळी साग गळताना ऐकू येतो. पान फांद्यांना आपटत खाली येतं आणि कोरड्या पाचोळ्यावर पडताना स्पष्ट वाजतं. तोवर पळस फुललेला असतो, आणि होळीच्या आसपास कुसुमाला लाल पालवी फुटते. परक्या माणसाला ती पानगळच वाटेल, पण ती नवी पानं असतात. म्हणजे आमच्याकडं गळतीचा आणि पालवीचा रंग एकाच महिन्यात, कधी एकाच उतारावर दिसतो.

हे समजायला मला दोन वर्षं लागली. त्या काळात हातही बसत गेला. f/22 वर सगळं स्पष्ट येईल म्हणून छिद्र बारीक करत होतो. प्रत्यक्षात चित्र मऊ पडायचं. f/8 ते f/11 च्या मध्ये राहायला शिकलो. पोलरायझर फिरवला की पानांवरची चकाकी उतरते आणि खरा रंग दिसतो, हे शिकलो. आमचे डोंगर बुटके आहेत, त्यामुळं रुंद भिंगात ते खालच्या रेघेसारखे दिसतात. लांब भिंग लावलं की एकामागं एक सोंडा जवळ येतात आणि सकाळच्या धुरकट हवेत त्यांचे थर उमटतात, हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण मनातला डोंगर अजून परकाच होता, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

फेब्रुवारी 2018 मधली सकाळ. महाशिवरात्र जवळ आली होती, ढग्याच्या यात्रेची गावोगावी तयारी चालली होती. कारंजा तालुक्यातल्या एका टेकडीवर मी उजेडाआधी तिकाटणं लावून बसलो. समोर गवताचा उतार, वाळून सोन्यासारखा झालेला. त्यावरून एक पायवाट वळण घेत वरच्या धावड्यांकडं गेलेली. ऊन बाजूनं आलं, धावडे तांबूस झाले आणि मी फोटो घेतला. आजवरचा माझा सर्वांत चांगला फोटो, असं तिथंच वाटलं.

घरी संगणकावर बसलो. पिवळा रंग नारिंगीकडं सरकवला, तांबूस होता तो लाल केला. उजवीकडं विजेचा खांब होता, तो काढला. उताराच्या मध्यावर तीन पांढरे ठिपके होते आणि त्यांच्यामागं एक काळसर उभी रेघ. तेही पुसले. मोठे करून पाहिलेसुद्धा नाहीत. पायवाट मात्र ठेवली. नजर तिच्यावरून वर जात होती, चित्राला ती हवीच होती. पुढं तो फोटो एका प्रदर्शनात लागला, त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. फोटोत काय बदललं आहे, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लोक म्हणाले, हे वर्धा जिल्ह्यातलं वाटतच नाही. ते मी कौतुक म्हणून घेतलं.

पुढच्या माघात त्या टेकडीवर परत गेलो. तिथं गुरं राखणारे एक म्हातारे नंदगवळी बाबाजी मला ओळखायला लागले होते. दोन-तीनदा त्यांनी मला ताक पाजलं होतं. त्यांना द्यायला म्हणून फोटोची मोठी प्रत नेली होती. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, उन्हाकडं तिरपी केली, पुन्हा सरळ केली.

‘कोणतं रान होय जी हे, मास्तर?’

मी म्हटलं, ‘बाबाजी, हेच की. आपण उभे आहोत तेच.’

त्यांनी समोर पाहिलं, मग फोटोत पाहिलं. म्हणाले, ‘रस्ता तं आमचाच दिसते. पण आमी कुठं हावो? तुमी फोटू काढला त्या दिवशी आमी इथंच होतो.’

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मूळ रॉ फाइल उघडली आणि ते तीन ठिपके पहिल्यांदा मोठे केले. तीन गवळाऊ गाई होत्या, लांब तोंडाच्या, पांढऱ्याशुभ्र. मागची काळसर रेघ म्हणजे घोंगडी पांघरून काठीवर टेकलेले बाबाजी.

गवळाऊ ही आमच्या जिल्ह्याची जात. आर्वी-कारंजा-आष्टीच्या याच पट्ट्यात नंदगवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. अंगानं हलकी, चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजेचं सामान झपाट्यानं नेण्यासाठी तिचे बैल वापरले जात, असं सांगतात. हेटीकुंडीला याच जातीसाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. हे सगळं मी वर्गात मुलांना सांगत होतो, आणि तीच गाय चौकटीत आली तेव्हा घाण समजून पुसून टाकली होती.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. ज्या पायवाटेवर माझा फोटो उभा होता, ती त्या गुरांच्या खुरांनी पडली होती. उतार झाडोऱ्यानं भरून न जाता गवताचा राहिला होता, तो चराईमुळं आणि दरवर्षीच्या गवतकापणीमुळं. पवन्या कुठं, मारवेल कुठं, कुसळीचं रान कुठवर पसरलंय, हे बाबाजी चालता चालता सांगत. मला जे सोनेरी म्हणून आवडलं होतं, ते त्यांनी राखलेलं कुरण होतं. म्हणजे मी त्यांचं काम ठेवलं आणि त्यांना काढून टाकलं. रंग बदलणं ही चूक होती. त्यांना पुसणं मला अन्याय वाटतं.

मग मी विचार करू लागलो की रिकाम्या डोंगराची ही आवड माझ्यात आली कुठून. कॅलेंडरांतून, पोस्टरांतून, आणि ज्यांच्याकडून आम्ही सगळेच प्रकाश मोजायला शिकलो त्या अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या चित्रांतून. त्यांनी योसेमिटीचं खोरं निर्मनुष्य, भव्य असं जगाला दाखवलं. त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना 1851 मध्ये सशस्त्र तुकडीनं हुसकावलं होतं. तो रिकामेपणाही मुळातला नव्हता. अ‍ॅडम्सनी 1944 मध्ये लोन पाइन गावातून सिएरा नेवाडाचा हिवाळी सूर्योदय टिपला. तिथल्या शाळेच्या मुलांनी टेकडीवर पांढऱ्या रंगानं गावाची आद्याक्षरं लिहिली होती. अ‍ॅडम्सनी ती चित्रातून काढली. पण काढली हे त्यांनी पुढं स्वतःच मोकळेपणानं लिहून ठेवलं. माझ्यात आणि त्यांच्यात कौशल्याचं अंतर आहेच. त्याहून मोठं अंतर या कबुलीचं होतं.

मी आता अगदी उलट टोकाला गेलो आहे, असं नाही. भिंगावरची धूळ आजही पुसतो. पोलरायझर आजही लावतो, कारण तो पानांच्या खऱ्या रंगाच्या जवळ नेतो. खांब नकोच असेल तर दहा पावलं सरकून उभा राहतो; काढायचंच असेल तर पायांनी काढायचं, बोटांनी नाही, एवढा नियम केला आहे. बोरच्या जंगलात गेलो तर तिथं गुरं नसतातच. 1970 पासूनचं अभयारण्य, 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा. पण तिथंही पाचोळ्याचा सडा पाहून आता मी नुसता हरखत नाही. 15 फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, आणि त्याआधी वनमजुरांनी जाळरेषा काढलेल्या असतात. पूर्वी त्या काळ्या पट्ट्या मी चौकटीबाहेर ठेवायचो. आता त्या दिसल्या तर दिसू देतो. त्या आहेत म्हणून पलीकडचा साग उभा आहे.

बाबाजींना मी मूळ फाइलवरून नवी प्रत करून दिली. रंग होता तसा, खांबही होता तसा. त्यांनी चष्मा लावला नाही. बोट थेट मधल्या ठिपक्यावर ठेवलं.

‘हे राधी,’ म्हणाले. ‘गायगोधनाच्या आंधी इकली. चारा पुरेना.’

त्यांच्याकडं तिचा दुसरा फोटो नव्हता. ती प्रत त्यांनी घोंगडीत गुंडाळून नेली.

प्रशस्तिपत्र मिळालेला फोटो मी फाडला नाही. शाळेत घेऊन गेलो आणि मुलांसमोर त्याच्या पाठीवर पेनानं लिहिलं: यातून काढलेलं – विजेचा एक खांब, गवळाऊ गाई तीन, त्यांतली मधली राधी, आणि गुराखी एक. मुलांनी गुराख्याचं नाव विचारलं. त्यांचं ताक प्यायलो होतो, तरी ते मला सांगता आलं नाही. त्या रविवारी विचारायला गेलो.