गॉलचा किल्ला आणि दालचिनी सोलणाऱ्यांचा धम्म

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या पोरांना श्रीलंकेतले गॉल ठाऊक असते ते तिथल्या मैदानामुळे. मैदानामागे टीव्हीवर जी काळपट तटबंदी दिसते, तोच गॉलचा किल्ला. पण बौद्ध माणसाने हे गाव निव्वळ क्रिकेटसाठी किंवा समुद्रासाठी पाहू नये. आपल्या घरावर फडकणारा पंचरंगी ध्वज आणि आपण घेतो ते पंचशील यांच्या इतिहासात या गावाचे नाव आहे. आणि ज्या जातीला आपण लाथ मारून आलो, तिच्याही इतिहासात ते आहे.

आम्ही चार मराठी बौद्ध बांधव कोलंबोत बांधकामावर नोकरीला. एकदा पौर्णिमा शनिवारी आली आणि दोन दिवस मोकळे मिळाले. या देशात दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. तिला ‘पोया’ म्हणतात. त्या दिवशी दारूची दुकाने बंद असतात आणि लोक विहारात जाऊन अष्टशील घेतात.

कोलंबो फोर्ट स्टेशनातून गाडी निघते आणि अडीच-तीन तासांत गॉलला पोहोचते. जाताना उजवीकडची खिडकी धरावी, समुद्र अगदी रुळाला लागून असतो. डब्यात पांढरी वस्त्रे नेसलेल्या आयाबाया, हातात फुले. दीक्षाभूमीला जाणारी आपली गाडीच जणू! पण याच मार्गावर पेरलिया येथे 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीच्या लाटांनी भरलेली गाडी उलथवली. हजाराहून अधिक माणसे गेली. ते ठिकाण आले तेव्हा आम्ही हात जोडले.

किल्ला प्रथम पोर्तुगीजांनी बांधला. 1640 साली तो डचांनी जिंकला आणि आज दिसणारे भक्कम बुरूज त्यांनी उभारले. 1796 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. जुन्या दरवाजावर हा हिशेब कोरलेलाच आहे. बाहेरच्या अंगाला इंग्रजांचे राजचिन्ह, आतल्या अंगाला डच कंपनीची अक्षरे आणि 1669 हे साल. आत अरुंद गल्ल्या, कौलारू घरे, 1755 सालचे डच चर्च, मशीद, दीपस्तंभ. 1988 पासून हा जागतिक वारसा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? मुख्यतः दालचिनीसाठी. आपल्या बायका मसाल्याच्या डब्यात जी कांडी ठेवतात, तिच्यासाठी युरोपातले राजे आणि कंपन्या लढल्या. पण रानात जाऊन ती साल सोलायची कोणी? त्यासाठी एक जात होती, ‘सलागम’ नावाची. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर ही सक्ती लादली आणि डचांनी ती आणखी आवळली. ठरलेले वजन भरून द्यायचे, न दिले तर शिक्षा. आपल्या आजोबा-पणजोबांनी वेठबिगार काढली आहे, म्हणून हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. जात तिथली, फायदा परक्याचा!

डचांच्या राजवटीत चर्चच्या नोंदवहीत नाव हवे, तर वारसाहक्क आणि नोकरी मिळायची. म्हणून कित्येकांनी बाप्तिस्मा घेतला आणि मनाने विहारातच राहिले. वही साहेबाची, श्रद्धा बुद्धाची. या किनाऱ्यावर धम्म असा दबून राहिला होता. आणि याच गॉलमध्ये 25 मे 1880 रोजी एक गोऱ्या माणसाने सर्वांसमक्ष त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. ते अमेरिकेचे कर्नल ऑल्कॉट. विजयानंद विहारात मॅडम ब्लॅव्हॅट्स्कींसह त्यांनी हे केले. लोकांना केवढा धीर आला असेल! पुढे 1885 मध्ये कोलंबोत बौद्धांचा ध्वज तयार झाला, त्याच्या आकाराबाबत ऑल्कॉट यांनीच सूचना केली. 1892 मध्ये त्यांनी गॉलला महिंद कॉलेज काढले. आणि 1894 मध्ये मद्रासला अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडली. ही शेवटची गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी.

किल्ल्यात सुधर्मालय नावाचे विहार आहे. तिथे आम्ही वंदना घेतली. पाली गाथा त्याच, चाल मात्र निराळी. बाहेर एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांनी इंग्रजीत विचारले,

“भारतातून आलात? म्हणजे हिंदू?”

“नाही सर, बौद्ध. आम्ही बाबासाहेब आंबेडकरांची माणसे.”

त्यांना फार आनंद झाला. बाबासाहेब 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेला श्रीलंकेत आले होते, हे त्यांना ठाऊक होते. मग अगदी सहज त्यांनी विचारले, “मग तुमची जात कोणती?”

आमच्यातले वडीलधारे म्हणाले, “सर, ती आमच्या वडिलांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला सोडली.”

ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “आमची अजून सुटली नाही. रविवारचे वर्तमानपत्र उघडा. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोविगम बौद्ध’ असे छापलेले दिसेल.”

गोविगम म्हणजे शेतकरी, इथली वरची जात. 1753 साली सयाममधून भिक्खू बोलावून या देशात उपसंपदा पुन्हा सुरू झाली, आणि थोड्याच वर्षांत ती गोविगमांपुरती राखली गेली. बुद्धाच्या संघाच्या दारात जात उभी राहिली! तेव्हा दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीचे वेलितर ज्ञानविमल कोणाच्या विनवण्या करीत बसले नाहीत. लोकांनी खर्चाचा भार उचलला आणि 1799 मध्ये ते समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपुरला गेले. तिथे उपसंपदा घेऊन 1803 मध्ये परतले आणि बालपिटिया येथे मादू नदीच्या पाण्यावर सीमा आखून त्यांनी इतरांना उपसंपदा दिली. त्या परंपरेचे नाव अमरपुर निकाय. गॉलच्या गाडीतून ही नदी दिसते. परतताना आम्ही चौघेही खिडकीशी उभे राहून ती पाहत होतो.

मात्र पुढे अमरपुर निकायातही जातीजातींचे वेगळे गट पडले, हेही सांगितले पाहिजे. परक्यांच्या तोफा आणि नोंदवह्या जे करू शकल्या नाहीत, ते घरातली जात हळूहळू करते. म्हणूनच बाबासाहेबांनी नुसते त्रिशरण-पंचशील देऊन आपल्याला घरी पाठवले नाही. बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा त्यांत घातली.

श्रीलंकेतल्या बांधवांना नावे ठेवण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्यांनी दोन हजार वर्षे धम्म सांभाळला म्हणून तो आपल्यापर्यंत आला. पण आपल्याकडच्या वधू-वर जाहिरातींतही ‘पूर्वाश्रमीचे अमुक’ आणि पोटजात अधूनमधून डोकावते. मुलीचे स्थळ पाहताना ‘बौद्ध’ या एका शब्दावर आपण थांबतो का? गॉलच्या त्या गुरुजींचा प्रश्न उद्या आपल्या घरात कोणी विचारला, तर उत्तर तेच निघाले पाहिजे: ती नागपूरला सोडली.

जय भीम!