सिंहगडाच्या पायऱ्या

पुणेकराला सिंहगड नवा नाही. तानाजीचा कडा, देवटाक्याचे गार पाणी, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही, एवढ्यावर त्याची गडाशी ओळख पुरी होते. माझीही तशीच होती. पण कॉलेजात भूशास्त्र हा विषय घेतला आणि हाच गड पुन्हा श्रीगणेशापासून शिकावा लागला.

वर्गात दगड खोक्यांत ठेवलेले असतात. प्रत्येकावर क्रमांक, वहीत त्याचे नाव. परीक्षेला तेवढे पुरते. पण हा दगड कोठून आला, त्याच्या वर काय होते नि खाली काय, हे खोके सांगत नाही. त्यासाठी सहलीलाच जावे लागते. खांद्याला पिशवी, तिच्यात हातोडी, भिंग, होकायंत्र आणि सौम्य आम्लाची बाटली. सरांचा दंडक एकच: आधी पाहा, मग लिहा, नाव सगळ्यांत शेवटी.

आतकरवाडीहून चढू लागलो की हातोडीच बोलू लागते. घट्ट काळ्या पाषाणावर ती खणखणते. छिद्रांच्या दगडावर बद्द वाजते. ही छिद्रे म्हणजे तप्त लाव्हा थंड होताना त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे. अनारशाला जाळी पडावी तशी दगडाला पडलेली. पुढे पाण्यातून आलेल्या क्षारांनी ती भरली. एका पांढऱ्या खड्यावर आम्लाचा थेंब टाकला तर तो फसफसला. तो कॅल्साइट. शेजारचा, दिसायला तसाच पांढरा, ढिम्म राहिला. तो झिओलाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत याच जातीच्या खड्यांच्या संगतीत सापडणारा निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांनी जपून ठेवला आहे!

अर्ध्या वाटेवर विटकरी रंगाचा एक पट्टा लागला. दोन लाव्हाप्रवाहांमधला हा लाल थर. खालचा प्रवाह निवला, उन्हापावसाने झिजला, त्याची माती झाली आणि मग वरून दुसरा तप्त प्रवाह आला. वीतभर मातीत केवढा काळ मिटून बसलेला! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून हा लाव्हा पुनःपुन्हा वाहिला. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून दुरून डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच आला. १६७० साली मावळे ज्या कड्यावरून चढले, तो इतका सरळसोट का, याचे निम्मे उत्तर या पायऱ्यांत आहे.

पण त्या दिवसाचा खरा धडा गड उतरल्यावर मिळाला. विहिरीच्या काठावर एक म्हातारबाबा बसले होते. आमच्या हातोड्या पाहून म्हणाले, “पोरांनो, दगुड फोडताय ते ठीक, पर पाणी कुठं हाय ते सांगा की.”

सरांनीच उलट विचारले, “बाबा, विहीर खणताना काय काय लागलं?”

“वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा फत्तर. पाणी समदं मुरमातनं नि वरच्या कुजक्या मांजऱ्यातनं. फत्तर लागल्यावर सुरुंग लावलं, पर थेंब न्हाई.”

सर आमच्याकडे वळले. “लिहून घ्या. हा या गावचा भूस्तर.” आम्ही मुकाट्याने लिहून घेतले. मांजऱ्या म्हणजे तोच छिद्रांचा दगड. पुस्तकात लांबलचक नावाने पाठ केलेला खडक बाबांनी घाम गाळून ओळखला होता.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात खेडोपाडी विंधनविहिरी झाल्या. यंत्राला वाटते, खोल गेले की पाणी लागणारच. पण आपला घट्ट फत्तर वाळूसारखा पाणी पोटात साठवीत नाही. भेगा, सांधे आणि झिजलेले थर यांतच काय ते मावते. तेवढे उपसून संपले की पुढच्या पावसाची वाट पाहायची. म्हणून कोठे पाणी मुरते आणि कोठे नुसते वाहून जाते, हे जाणणे शेतकऱ्याच्या घरी पोटापाण्याचा प्रश्न आहे. शहरात नळ सोडणाऱ्या आपणालाही तो फार दूरचा नाही.

या सुट्टीत मुलांना घेऊन गडावर जाल, तेव्हा पोवाडा जरूर सांगा. पण वाटेत लाल पट्टा दिसला तर क्षणभर थांबा, आणि मुलांचा हात त्या मातीवर ठेवा. नाव मागाहून सांगितले तरी चालेल.